कॅम्प हेल: रॉकी पर्वतातली मोडलेली छावणी

अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात, लेडव्हिल आणि रेड क्लिफ या खाणींच्या दोन जुन्या गावांच्या मध्ये, ईगल नदीचे एक रुंद, सपाट खोरे आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारे ९,२०० फूट. दुसऱ्या महायुद्धात डोंगरी युद्धाचे शिक्षण देण्यासाठी अमेरिकी लष्कराने येथे कॅम्प हेल ही छावणी वसवली. स्पेन-अमेरिका युद्धातले सेनानी आयर्विंग हेल यांच्या नावावरून तिचे नाव ठेवण्यात आले. आज तेथे वस्ती नाही. गवतात आखलेले रस्ते, इमारतींची जोती आणि काँक्रीटचे काही सांगाडे तेवढे उरले आहेत.

अशा छावणीची गरज भासायला युरोपातल्या घडामोडी कारण ठरल्या. १९३९-४० च्या हिवाळ्यात स्कीवर फिरणाऱ्या फिनलंडच्या लहान तुकड्यांनी प्रचंड सोव्हिएत फौजेला जंगलात अडवून धरले. अमेरिकेत स्कीपटूंची बचावसंघटना उभारणारे चार्ल्स मायनट डोल यांनी ही लढाई पाहून युद्धखात्याचा पिच्छा पुरवला, आणि पुढे याच संघटनेकडे डोंगरी दलासाठी माणसे निवडण्याचे काम आले. उमेदवाराला शिफारसपत्रे जोडावी लागत. स्कीपटू, गिर्यारोहक, वनरक्षक आणि लाकूडतोडे अशी सरमिसळ त्यामुळे एका दलात झाली.

जागा ठरवताना उंची, भरपूर बर्फ आणि खोऱ्यातल्या पांडो येथला रेल्वेचा थांबा या तीन गोष्टी जमेच्या ठरल्या. एप्रिल १९४२ मध्ये काम सुरू झाले आणि नोव्हेंबरपर्यंत हजाराहून अधिक इमारती उभ्या राहिल्या. सुमारे पंधरा हजार सैनिकांची सोय झाली. बराकींबरोबर रुग्णालय, चित्रपटगृहे, खेचरांचे तबेले आणि चांदमारीची मैदानेही होती. या घाईची सर्वांत मोठी किंमत नदीने मोजली. खोऱ्याच्या तळाशी वळणे घेत वाहणारी ईगल नदी सरळ चरात कोंडण्यात आली आणि भोवतालची पाणथळ जमीन भराव टाकून बुजवण्यात आली.

राहणे सोपे नव्हते. बराकींतल्या शेगड्या आणि आगगाडीची इंजिने कोळशावर चालत. डोंगरांनी वेढलेल्या खोऱ्यात तो धूर साचून राही आणि त्याने जडणारा खोकला सैनिकांत पांडोच्या नावानेच ओळखला जाई. फेब्रुवारी १९४३ मध्ये होमस्टेक शिखराच्या परिसरात झालेल्या सरावात थकवा आणि हिमदंशामुळे इतकी माणसे निकामी झाली की शिक्षणाची पद्धतच बदलावी लागली. जुलै १९४३ मध्ये येथे डोंगरी डिव्हिजनची रीतसर स्थापना झाली. पुढे तिचे नाव दहावी माउंटन डिव्हिजन पडले. जवळच्या कूपर हिलवर स्कीचे धडे होत आणि खोऱ्याकाठच्या कड्यांवर दोराने चढण्याचे. १९४४ च्या वसंतातल्या सरावात सैनिक पाठीवर ९० पौंडांपर्यंतचे ओझे घेऊन, उणे ३० फॅरनहाइटपर्यंत उतरणाऱ्या थंडीत कित्येक आठवडे उघड्यावर राहिले.

या शिक्षणाचा कस इटलीत लागला. १८ फेब्रुवारी १९४५ च्या रात्री डिव्हिजनच्या तुकड्या रिवा रिजचा उभा कडा चढून गेल्या आणि वरच्या जर्मन ठाण्यांना त्यांनी बेसावध गाठले. पाठोपाठ माउंट बेल्व्हेदेरे पडला. युद्ध संपेपर्यंत डिव्हिजनचे जवळजवळ हजार सैनिक मारले गेले होते. त्यांचे स्मारक छावणीच्या वरच्या अंगाला टेनेसी खिंडीत आहे. वाचून परतलेल्यांपैकी पीट सीबर्ट यांनी जवळच्याच व्हेल येथे स्की-केंद्र काढले. ते डिसेंबर १९६२ मध्ये सुरू झाले. अमेरिकेतल्या आजच्या स्की-व्यवसायाची पायाभरणी बऱ्याच अंशी या डिव्हिजनच्या माणसांनीच केली.

डिव्हिजन जून १९४४ मध्येच टेक्सासला हलली होती. युद्धानंतर बहुतेक इमारती पाडल्या किंवा उचलून नेल्या गेल्या. जे अवशेष राहिले ते काँक्रीटचे म्हणून राहिले. क्रीडागृहाच्या भिंती व खांब आणि दारूगोळ्याची भक्कम कोठारे अजून उभी आहेत. चांदमारीच्या मैदानावर निशाणांमागचे आडोसे दिसतात. सरावाच्या कड्यांवर गिर्यारोहणाचे लोखंडी खिळेही सापडतात. पण डोंगरावर चढून खाली पाहिल्याशिवाय छावणीचा पसारा उमगत नाही. काटकोनात छेदणारे रस्ते, एकसारख्या अंतरावरची जोती आणि मधून रेघ ओढल्यासारखी गेलेली नदी वरूनच एकत्र दिसते.

या जागेचा दुसरा इतिहास मात्र अवशेषांवरून कळणे अशक्य आहे. १९५८ पासून १९६४ पर्यंत अमेरिकेच्या गुप्तहेर संस्थेने, सीआयएने, येथे तिबेटी लढवय्यांना चीनविरुद्धच्या लढ्यासाठी छापामार युद्ध, बिनतारी संदेश आणि पॅराशूट उडीची तयारी शिकवली. त्यांतले बरेच जण कालिंपाँग-दार्जिलिंगच्या निर्वासित तिबेट्यांतून निवडलेले होते. थंडी आणि उंची त्यांना घरच्यासारखी वाटे. छावणीला ते दुम्रा, म्हणजे बाग, म्हणत. लोकांनी फिरकू नये म्हणून अणुचाचणीशी संबंधित काम चालू असल्याची बातमी १९५९ मध्ये पसरवण्यात आली. डिसेंबर १९६१ मध्ये कोलोरॅडो स्प्रिंग्जजवळच्या विमानतळावर एक तिबेटी तुकडी उशिरा, दिवसाउजेडी पोहोचली, तेव्हा तिथल्या कर्मचाऱ्यांना बंदुकीच्या धाकाने रोखून धरण्यात आले. न्यूयॉर्क टाइम्सने सरकारच्या विनंतीवरून या प्रसंगाची बातमी छापली नाही. विमानातून तिबेटमध्ये उतरवलेल्यांपैकी बहुसंख्य मारले गेले. दुसऱ्याच्या राजकारणासाठी तयार केलेल्या आणि मग वाऱ्यावर सोडलेल्या या माणसांची आठवण सांगणारा फलक तेथे लागायला २०१० साल उजाडले.

१९६६ मध्ये जमीन वनखात्याकडे परत गेली, ती स्वच्छ होऊन नव्हे. पाडलेल्या इमारतींतला अॅस्बेस्टॉस मातीत मिसळलेला होता आणि न फुटलेले तोफगोळे उतारांवर व झाडीत विखुरलेले होते. दारूगोळा शोधून निकामी करण्याचे काम लष्कराच्या अभियंता विभागाकडे आले. सरळ केलेल्या नदीला पुन्हा वळणे द्यावीत आणि पाणथळ जागा जिवंत कराव्यात, असा आग्रह पर्यावरणप्रेमींनी धरला. पण नदी पूर्ववत करायची तर जोती आणि रस्त्यांची आखणी उखडावी लागते. जुन्या सैनिकांचा आणि इतिहासप्रेमींचा त्याला विरोध होणे स्वाभाविक होते. दोन्ही बाजूंचे म्हणणे खरे आहे. तरीही नदीला तिचे काही पात्र परत देऊन क्रीडागृह, कोठारे आणि चांदमारी राखणे शक्य आहे, आणि तोच मार्ग न्याय्य ठरतो.

१९९२ मध्ये ही जागा अमेरिकेच्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय यादीत आली. १२ ऑक्टोबर २०२२ रोजी अध्यक्ष जो बायडन यांनी भोवतालच्या डोंगरांसह ५३,८०४ एकरांचा प्रदेश राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित केला. खोरे पाहायला लोकांना मुभा आहे. जमिनीत धातूची संशयास्पद वस्तू दिसली तर तिला हात लावू नये, आल्या वाटेने मागे फिरावे आणि पोलिसांना कळवावे.