स्टील गिटारसाठी डिले व रिव्हर्ब पेडल : निवड आणि मांडणी

स्टील गिटारचा सूर अ‍ॅम्पपर्यंत पोचण्याआधी त्याच्यामागे प्रतिध्वनी किंवा घुमारा जोडणाऱ्या, पायाने चालू-बंद करायच्या छोट्या उपकरणांना डिले पेडल आणि रिव्हर्ब पेडल म्हणतात. डिले वाजलेला सूर ठरावीक वेळाने पुन्हा ऐकवतो. रिव्हर्ब असंख्य परावर्तने एकमेकांत मिसळून खोलीचा किंवा सभागृहाचा भास निर्माण करतो. बाजारातली बहुतेक पेडल साध्या इलेक्ट्रिक गिटारसाठी बनवलेली असतात आणि दुकानात त्याच गिटारवर वाजवून दाखवली जातात. निवडीतली गफलत तिथूनच सुरू होते. स्टील गिटारवर फ्रेटच्या रेषा फक्त खुणेपुरत्या असतात. तारेवरून हातात धरलेला बार सरकतो, त्याबरोबर सूरही सरकतो. नॅशव्हिलच्या कंट्री संगीतात घडलेल्या पेडल स्टीलमध्ये तर तो सूर किती वेळ टिकावा हेही वादकाच्या उजव्या पायाखालचा व्हॉल्यूम पेडल ठरवतो. त्यामुळे या वाद्यासाठी पेडल घेताना त्यात आवाजाचे किती प्रकार भरले आहेत याला फारसे महत्त्व नाही. त्याचा प्रतिध्वनी किती मऊ, किती आखूड आणि मूळ सुराच्या किती मागे ठेवता येतो, हे पाहावे.

याचे कारण वाद्याच्या रचनेतच आहे. 1954 साली गाजलेल्या वेब पिअर्सच्या ‘स्लोली’ या गाण्यात बड आयझॅक्सने तारा वाजत असतानाच पायाने पेडल दाबून त्यांचे सूर बदलले, आणि एक सूर स्थिर असताना दुसरा त्याच्याकडे सरकत येण्याची ती लकब पेडल स्टीलची ओळखच बनली. आता पेडल स्टीलच्या ई-नाइन ट्यूनिंगमधले अगदी रोजचे वळण घ्या. बार तिसऱ्या फ्रेटवर असताना तिसरी, चौथी आणि पाचवी तार छेडली की जी मेजर वाजतो. ए आणि बी ही सूर बदलणारी दोन पेडल एकत्र दाबली की बार न हलवता त्याच तारांवर सी मेजर येतो. या बदलात तिसरी तार बी स्वरावरून सी स्वरावर, म्हणजे अर्ध्या स्वराने वर जाते. 300 मिलिसेकंदांचा डिले मोठ्या आवाजात लावलेला असेल, तर नवा सी वाजत असताना जुना बी मागून येऊन त्याला चिकटतो. एकाची कंपनसंख्या सुमारे 494 हर्ट्झ, दुसऱ्याची 523. हा फरक कानाला दोन वेगळे सूर म्हणून नव्हे, तर खरखर म्हणून जाणवतो. साध्या गिटारवरही कॉर्ड बदलताना असे घडते, पण तिथे नवी कॉर्ड नव्या आघाताने सुरू होते आणि जुन्या प्रतिध्वनीला झाकून टाकते. स्टीलवर नवा सूर जुन्यातूनच उमलतो, त्याला असा आघात नसतो. म्हणून जो प्रतिध्वनी गिटारवादकाला सौम्य वाटतो, तोच स्टीलवर पुढे पुढे करतो.

यावरून डिलेची निवड जवळपास ठरूनच जाते. 1959 च्या सुमारास आलेल्या एकोप्लेक्ससारख्या टेप-यंत्रांत प्रत्येक फेरीला वरचे स्वरांश झिजत जात. पुढे बकेट-ब्रिगेड चिपवर चालणाऱ्या अ‍ॅनालॉग पेडलांत, उदाहरणार्थ 1981 च्या बॉस डीएम-टूमध्ये, चिपचा खरखराट लपवण्यासाठी घातलेल्या फिल्टरने तेच काम केले. त्या पेडलचा पल्ला जेमतेम 300 मिलिसेकंदांचा होता. काही वर्षांतच डिजिटल डिले पेडल आला. तो मूळ सुराची हुबेहूब प्रत परत देतो आणि पल्लाही कितीतरी लांब असतो. कागदावर ही प्रगतीच आहे. पण स्टीलसाठी हुबेहूब प्रत ही अडचण ठरते, कारण छेडल्याचा टणत्कारही तितकाच स्पष्ट परत येतो आणि कान मूळ सूर सोडून त्याच्याकडे वळतो. मग अ‍ॅनालॉगच घ्यावा का? तसेही नाही. प्रतिध्वनीचे वरचे स्वरांश कापणारे टोनचे बटण असलेला डिजिटल पेडल हेच काम करतो, आणि त्यात चिपची खरखरही नसते. टेपचा सूर डळमळत असे. त्याची नक्कल करणारे मॉड्युलेशन मात्र शून्यावर ठेवलेले बरे. जिथे सुरेलपणा पूर्णपणे बार धरणाऱ्या हातावर आणि कानावर अवलंबून आहे, तिथे यंत्राने मुद्दाम कणसूर केलेली प्रत सोबतीला कशाला हवी?

मांडणीत सर्वाधिक वाद होतो तो व्हॉल्यूम पेडलच्या जागेवरून. पेडल स्टीलवादक तार छेडतो तेव्हा हा पेडल अर्धवटच उघडा असतो. सूर विरू लागला की पाय हळूहळू पुढे जातो आणि विरण्याची भरपाई करतो. हा पेडल डिले आणि रिव्हर्बच्या आधी असेल, तर पायाने घडवलेला हा सूर पुढे जातो आणि पाय मागे घेतल्यावरही त्याचा माग नैसर्गिकपणे विरत राहतो. तो शेवटी लावला, तर पाय पुढे सरकला की विरत चाललेला प्रतिध्वनीही सुराबरोबर फुगतो, आणि पाय मागे घेतला की शेपूट तुटते. व्हॉल्यूम शेवटी ठेवण्याच्या बाजूने असे सांगितले जाते की त्यामुळे इफेक्टचा खरखराट दबतो आणि गाणे संपताच कडक शांतता मिळते. हा फायदा खरा आहे, पण तो गाण्यातल्या एका क्षणाचा. भरपाई करणारा पाय गाणेभर चालू असतो. खरखर करणारे उपकरण बदलावे, त्यासाठी क्रम उलटा करू नये. साखळी गिटार, व्हॉल्यूम पेडल, डिले, रिव्हर्ब आणि अ‍ॅम्प अशीच ठेवावी. ओव्हरड्राइव्ह वापरायचा झाल्यास तो डिलेच्या आधी येतो. रॉक गिटारवादकांमध्ये पेडल अ‍ॅम्पच्या तोंडाशी लावावेत की इफेक्ट्स लूपमध्ये, यावर जो खल चालतो त्याचे मूळ प्रीअ‍ॅम्पच्या फाटलेल्या आवाजात आहे. स्टीलचा अ‍ॅम्प स्वच्छ वाजवायचा असतो, त्यामुळे इथे त्या प्रश्नाला फारसा अर्थ उरत नाही.

रिव्हर्बसाठी वेगळा पेडल हवाच का, हा आक्षेप वजनदार आहे. फेंडरने 1963 साली अ‍ॅम्पमध्येच स्प्रिंग रिव्हर्ब बसवला, आणि ट्विन रिव्हर्बवर स्टीलवादकांच्या कित्येक वर्षांच्या मैफली निभावल्या. छोट्या जागेत तो आजही पुरतो. त्याची मर्यादा दोन ठिकाणी दिसते : तार जोरात छेडली की स्प्रिंग स्वतःच झणझणते, आणि खालच्या तारा एकत्र वाजल्या की घुमाऱ्याचा चिखल होतो. ई-नाइनची सर्वांत खालची तार सुमारे 123 हर्ट्झची, तर सी-सिक्सची सुमारे 65 हर्ट्झची; म्हणजे दुसऱ्या ट्यूनिंगला घुमाऱ्यातला खर्ज कापण्याची सोय जास्त गरजेची. पेडल घ्यायचाच तर प्लेट किंवा मध्यम हॉल, दोन सेकंदांच्या आतबाहेरची लांबी, लो-कटचे बटण आणि 20 ते 40 मिलिसेकंदांचा प्री-डिले असलेला घ्यावा. प्री-डिलेमुळे छेडलेला सूर आधी मोकळा ऐकू येतो, घुमारा त्यानंतर येतो. चकाकी वाढवणारा शिमर हा प्रकार घुमाऱ्यात वरच्या सप्तकाचे सूर मिसळतो. कंट्री गाण्याच्या साथीत तो गायकाच्या जागेत घुसतो.

या सगळ्या काटकसरीवर सर्वांत मोठा आक्षेप संगीतातूनच येतो. ब्रायन ईनोच्या 1983 च्या ‘अपोलो’ या अल्बममध्ये डॅनियल लॅन्वाची पेडल स्टील घुमाऱ्यात बुडालेली आहे आणि त्यातच तिचे सौंदर्य आहे. मग लांब घुमारा वाईट कसा? तो वाईट नाहीच. अशा संगीतात एकच कॉर्ड दीर्घकाळ टिकते, त्यामुळे मागून येणारा सूर पुढच्याशी भांडत नाही. आधी सांगितलेला बी आणि सी यांचा झगडा कॉर्ड बदलते म्हणून होतो. म्हणजे शेपटीची लांबी वाद्याने किंवा आवडीने ठरत नाही. कॉर्ड किती झपाट्याने बदलतात त्यावर ती ठरते. वेगवान वेस्टर्न स्विंगमध्ये मिनिटाला 200 ठोके असतील तर एक ठोका 300 मिलिसेकंदांचा होतो आणि तेवढाच डिले प्रत्येक ठोक्यावर जुना सूर आणून टाकतो. तिथे डिले बंद ठेवणेच योग्य. हिंदुस्थानी संगीतात गिटार आणणाऱ्या ब्रिजभूषण काबरांच्या परंपरेतही हाच हिशेब लागू पडतो. षड्ज-पंचमाच्या स्थिर आधारावरचा लांब घुमारा चालून जातो, पण ललितसारख्या रागात दोन मध्यम लागोपाठ येतात तेव्हा एकाचा माग दुसऱ्यावर पडतो. विश्वमोहन भट्टांच्या मोहनवीणेत तरफेच्या तारा घुमाऱ्याचे बरेचसे काम स्वतःच करतात, त्यामुळे वरून जोडायला फार थोडे उरते.

प्रत्यक्ष लावताना आधी दोन्ही पेडल बंद ठेवून अ‍ॅम्पचा टोन जमवावा. नवशिक्याला घुमारा प्रिय असतो, कारण बार रेषेच्या थोडा मागे-पुढे पडला तर तो चूक पुसट करतो. पण त्यामुळे सराव बिघडतो, तेव्हा रियाज कोरडाच बरा. टोन जमला की डिले चालू करून, व्हॉल्यूम पेडल पूर्ण दाबून खालच्या तारा जोरात छेडाव्यात. आवाज फाटला तर डिलेच्या इनपुटला स्टीलच्या पिकअपचा जोर झेपत नाही. निर्मात्याने परवानगी दिली असेल तर असा पेडल 9 ऐवजी 18 व्होल्टवर चालवून पाहावा, नाहीतर दुसरा घ्यावा. व्हॉल्यूम पेडल पोटेन्शिओमीटरचा असेल तर त्याच्या आधी बफर लावल्याने वरचे स्वरांश टिकतात. मग डिले 280 ते 350 मिलिसेकंद आणि दोन पुनरावृत्ती असा लावून, वाजवत असताना प्रतिध्वनी वेगळा ऐकू येईपर्यंत मिक्स वाढवावा आणि तिथून थोडा मागे घ्यावा. मिनिटाला 72 ठोक्यांच्या संथ गाण्यात ठोक्याचा तिसरा भाग सुमारे 278 मिलिसेकंद भरतो. त्यावर डिले बांधला तर तो तालात विरघळतो. रिव्हर्ब सर्वांत शेवटी, आणि तोही बँडसोबत वाजवून ठरवावा. घरी एकट्याने बेताचा वाटलेला घुमारा ड्रम आणि बास सुरू झाले की एक तर ऐकूच येत नाही, नाहीतर सगळ्यांच्या अंगावर येतो.