वेल्सची सीमा आणि नॉर्मन राजसत्ता

इ. स. १०६६ च्या विजयानंतर विल्यम पहिला याने वेल्सच्या सीमेवरील हेरिफर्ड, श्रूजबरी व चेस्टर येथे विश्वासू सरदारांना अर्लपद देऊन व्यापक अधिकार बहाल केले. हेरिफर्डचा अर्ल विल्यम फिट्झऑस्बर्न याने चेपस्टोसारखे किल्ले उभारले आणि नॉर्मंडीतील आपल्या जहागिरीच्या धर्तीवर नगरवासीयांना सवलती देऊन वसाहतीस चालना दिली. किल्ला व नगर यांच्या आधारे सीमेवर नॉर्मन पकड बसली.

परंतु हेच सामर्थ्य राजसत्तेस आव्हान ठरले. १०७५ मध्ये फिट्झऑस्बर्नचा पुत्र रॉजर याने, तर ११०२ मध्ये श्रूजबरीचा अर्ल रॉबर्ट ऑफ बेलेम याने बंड केले. दोन्ही बंडे मोडून ती अर्लपदे खालसा करण्यात आली. जहागीर वंशपरंपरेने मिळत असली, तरी निष्ठेची तशी शाश्वती नव्हती. त्यामुळे सीमारक्षकांवर नियंत्रण ठेवणे हाही सीमारक्षणाचाच भाग होता, असे दिसते.