दुर्लक्षित शून्य

यंत्राची परीक्षा हा विषय आम्हां कामगार चळवळीतल्या माणसांना परका नाही. माग बिघडला की पहिला जाब मागावर उभ्या असलेल्या माणसाला, हे आम्ही ऐकतच वाढलो. म्हणूनच १९९४ सालची पेंटियमची हकीगत आम्ही खोलात जाऊन वाचली.

व्हर्जिनियातले गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली जुळ्या मूळसंख्यांचा हिशेब करीत होते. उत्तर जुळेना. अखेर दोष निघाला इंटेलच्या चिपमध्ये. भागाकारासाठी तिच्यात कोरलेल्या कोष्टकातल्या पाच जागी आकडेच नव्हते. ४१९५८३५ ला ३१४५७२७ ने भागले तर १.३३३८२ यावयास हवे, येई १.३३३७३. कंपनीला ही चूक आधीच कळली होती. पण बोभाटा झाल्यावरच, डिसेंबर १९९४ मध्ये, मागेल त्याला चिप बदलून देण्याचे तिने कबूल केले आणि ४७.५ कोटी डॉलर खर्ची टाकले.

प्रत्येक भागाकार करून का पाहिला नाही, असे कोणी विचारील. बत्तीस बिटांच्या दोन संख्यांच्या सगळ्या जोड्या, सेकंदाला शंभर कोटी या वेगाने तपासल्या, तरी पावणेसहाशेच्या वर वर्षे लागतात! तेव्हा चिठ्ठ्या टाकणे आले. पण चिठ्ठ्या अटी घालून टाकावयाच्या, म्हणजे निरर्थक आकडे वगळले जातात. याच दशकात योआव्ह हॉलंडर यांची 'ई' आणि तिच्या जोडीने 'व्हेरा' या भाषा त्यासाठी पुढे आल्या. २००५ मध्ये सिस्टिमव्हेरिलॉग प्रमाणित झाली, तिच्यात ही सोय भाषेचाच भाग आहे.

आता खरी गोम. एकाने अट लिहिली, संदेशाची लांबी ६४ पेक्षा जास्त नको. महिन्यांनी दुसऱ्याने आपल्या चाचणीत लिहिले, लांबी १०० च्या वर हवी. दोन्ही हुकूम पाळणारा आकडा जगात नाही. आमच्या कारखान्यांतही स्थायी आदेश एक सांगतो आणि मुकादम दुसरे. पण तेथे निदान माणूस बोलतो तरी. येथे 'रँडमाइझ' नुसते शून्य परत करते आणि आकडे पूर्वी होते तसेच राहतात. शून्याकडे कोणी पाहिले नाही, तर सिम्युलेशन शिळ्याच आकड्यांवर रात्रभर चालते आणि सकाळी 'सर्व उत्तीर्ण' असा अहवाल येतो. कित्येक जण तर उत्तर टाकून देण्याचा शब्द लिहून इशाऱ्याचेही तोंड बंद करतात. हा आळस आम्हांला नुसत्या अज्ञानापेक्षा वाईट वाटतो.

दुसरा सापळा अधिक चतुर. कोणी ही हाक 'असर्ट' या तपासणीच्या विधानात ठेवतात. वेग वाढविण्यासाठी ती विधाने बंद केली, की बहुधा चिठ्ठ्या टाकणेच बंद पडते! म्हणून जाणते लोक साध्या 'इफ'ने उत्तर पाहतात आणि शून्य येताच काम थांबवतात. २०१२ च्या आवृत्तीत 'मऊ' अटी आल्या. कठोर अटीपुढे त्या आपण होऊन माघार घेतात. जेथे आग्रह नाही तेथे त्या उपयोगी, पण सगळ्याच अटी मऊ केल्या तर परीक्षा कसली?

काम थांबले की चिठ्ठ्यांचे 'बीज' नोंदवावे. तीच सामग्री, तेच बीज, म्हणजे तोच बिघाड पुन्हा समोर उभा राहतो. मग एकेक अट बंद करून पाहत जावे. भांडणाऱ्या दोन अटी सापडल्या, म्हणजे बोलवावयाचे ते त्या दोन्ही लिहिणारांना. रात्रपाळीवर अहवाल गोळा करणाऱ्या पोराला नव्हे.