सहव्याधी
एकाच रुग्णात एकाच वेळी दोन किंवा अधिक रोग आढळणे या अवस्थेस ‘सहव्याधी’ म्हणतात. मधुमेह, उच्च रक्तदाब व हृद्‌रोहिणीविकार (हृदयाला रक्त पुरविणाऱ्या वाहिन्यांचा विकार) हे याचे सर्वपरिचित उदाहरण होय.

स्वीडिश वैद्य एस्किल किलिन यांनी १९२३ मध्ये उच्च रक्तदाब, रक्तातील वाढलेली शर्करा व वातरक्त यांचे साहचर्य नोंदविले. सहव्याधी ही संकल्पना अमेरिकन वैद्य ॲल्व्हान फाइनस्टाइन यांनी १९७० मध्ये मांडली. या साहचर्यामागे इन्शुलीन-रोध (इन्शुलिनाला ऊतकांनी पुरेसा प्रतिसाद न देणे) हे समान कारण असावे, असे जेरल्ड रीव्हन यांनी १९८८ मध्ये प्रतिपादिले. १९९३ मध्ये स्थूल प्राण्यांच्या मेदऊतकातून स्रवणारा ‘टीएनएफ-आल्फा’ हा शोथकारक घटक इन्शुलिनाच्या कार्यात अडथळा आणतो, असे दिसून आले. त्यामुळे वरवर भिन्न भासणाऱ्या रोगांना जोडणारा रेणवीय दुवा हाती आला.

मात्र भारतीयांत हे रोग कृश व्यक्तींनाही आणि तुलनेने लवकर वयात का होतात, हे यावरून पुरतेपणी उलगडत नव्हते. या प्रश्नाचा वेध पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतला. १९९३ मध्ये त्यांनी पुण्याजवळील सहा खेड्यांतील स्त्रियांचे व त्यांच्या अपत्यांचे दीर्घकालीन अध्ययन सुरू केले. येथील नवजातांचे सरासरी वजन सु. २.७ किग्रॅ., तर इंग्लंडमधील साउथॅम्प्टन येथील अर्भकांचे सु. ३.५ किग्रॅ. होते. पुण्याकडील बालकांचे स्नायू व उदरातील इंद्रिये लहान असली, तरी त्वचेखालील मेद त्या मानाने टिकून होता. वजनावरून कृश ठरणारे हे मूल घटनेने मेदयुक्त असते.

यामागील एक संभाव्य रेणवीय कारण मातेच्या आहारात सापडते. होमोसिस्टीन या ॲमिनो अम्लाचे मिथिओनिनात रूपांतर होण्यासाठी फोलेट व जीवनसत्त्व ब१२ ही दोन्ही लागतात. ब१२ अपुरे असल्यास फोलेट असूनही निरुपयोगी रूपात अडकून पडते व होमोसिस्टीन साचते. मिथिओनिनापासून मिळणारे मिथिल गट डीएनएला जोडले जाऊन जनुकांचे कार्य नियंत्रित करतात. म्हणून या क्रियेतील बिघाडाचा परिणाम गर्भाच्या घडणीवर होणे संभवते. अभ्यासातील बहुसंख्य मातांमध्ये ब१२ कमी होते. ज्यांच्यात ब१२ कमी व फोलेट अधिक होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्शुलीन-रोध सर्वाधिक आढळला. हे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले.

निरीक्षणातून आढळलेले साहचर्य म्हणजे कार्यकारणभावाचा पुरावा नव्हे. म्हणून पुढे याच कुटुंबांतील तरुण-तरुणींना गर्भधारणेपूर्वी ब१२ व अन्य सूक्ष्मपोषके देऊन प्रायोगिक चाचणी हाती घेण्यात आली.

या संशोधनाचे व्यावहारिक महत्त्व मोठे आहे. केवळ वजनावरून रोगाची शक्यता ठरविल्यास कृश रुग्ण दुर्लक्षित राहतो. तसेच प्रत्येक रोगावर स्वतंत्र औषध योजताना त्यांचे समान मूळ नजरेआड होते. ते मूळ पुष्कळदा जन्मापूर्वीच्या काळात असल्यामुळे, मुलींचे पोषण हा पुढील पिढीच्या रोगप्रतिबंधाचा पाया ठरतो.