वऱ्हाडातल्या घरासाठी एलईडी बल्ब कसा निवडावा?

एलईडी बल्बच्या खोक्यावर बहुधा २५,००० तासांचे आयुष्य छापलेले असते. रोज पाच तास वापर धरला तर ते साडेतेरा वर्षांच्या पुढे जाते. पण अकोला किंवा अमरावतीतल्या टिनाच्या घरात असा बल्ब कधी कधी दोन उन्हाळेही काढत नाही. यात दरवेळी फसवणूकच असते असे नाही. छापलेले तास साधारण २५ अंश तापमान धरून काढलेले असतात. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि टिनालगतची हवा त्याहूनही तापते.

बल्ब जातो तेव्हा बहुतेक वेळा आतली एलईडी चिप नव्हे, तर ‘ड्रायव्हर’ बिघडलेला असतो. घरातली २३० व्होल्टची एसी वीज चिपला चालेल अशा डीसी विजेत बदलणारे हे छोटे सर्किट बल्बच्या मानेत बसवलेले असते. त्यातला कपॅसिटर उष्णतेला फार हळवा. तापमान १० अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य जवळपास निम्मे होते, असा ढोबळ नियम आहे. म्हणून वऱ्हाडात बल्ब कुठे लावला याला कोणता घेतला याइतकेच महत्त्व आहे. चारी बाजूंनी बंद काचेच्या हंडीत किंवा छताला चिकटलेल्या डब्यात साधा बल्ब लावू नये. उघडा होल्डर, छतापासून वीतभर खाली, ही जागा उत्तम.

दुसरा शत्रू म्हणजे व्होल्टेजचा चढउतार. रब्बीत शेतीपंप सुरू झाले की काही गावांत व्होल्टेज पडते, आणि वादळी पावसात वीज जाऊन परत येताना झटका बसतो. खोक्यावर चालण्याची व्होल्टेज मर्यादा लिहिलेली असते. २२० ते २४० लिहिलेल्या बल्बपेक्षा १०० ते ३०० लिहिलेला इथे जास्त कामाचा. झटका सहन करण्याची क्षमता ‘सर्ज’ या नावाने किलोव्होल्टमध्ये दिली असेल, तर जास्त आकड्याचा घ्यावा.

आता उजेडाकडे. वॅट म्हणजे बल्ब किती वीज खातो. किती उजेड देतो ते ‘ल्युमेन’ सांगते. जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब साधारण ७०० ल्युमेन देई, आजचा चांगला ९ वॅटचा एलईडी ९०० च्या आसपास देतो. दोन बल्ब ९ वॅटचेच असले आणि एकावर ७०० तर दुसऱ्यावर ९०० ल्युमेन असतील, तर निवड सोपी आहे. ऊर्जा दक्षता ब्युरोचे स्टारही हेच मोजतात: एका वॅटमागे किती ल्युमेन. सोबत आयएस १६१०२ हा मानक क्रमांक आणि इंग्रजी ‘आर’ अक्षराने सुरू होणारा आठ अंकी नोंदणी क्रमांक पाहावा. तो बीआयएस केअर या मोबाइल ॲपवर तपासता येतो. आठवडी बाजारातल्या बिनखोक्याच्या स्वस्त बल्बांवर यातले काहीच नसते.

बचत किती होते? ६० वॅटचा बल्ब रोज पाच तास लावला तर महिन्याला ९ युनिट जळतात, ९ वॅटचा एलईडी सव्वा ते दीड युनिट खातो. असे तीन बल्ब बदलले तर सुमारे २३ युनिट वाचतात. महावितरणचे घरगुती दर टप्प्यांनी चढत असल्याने वाचलेले युनिट सर्वांत महाग टप्प्यातून कमी होतात. १०० किंवा ३०० युनिटच्या सीमेवर असलेल्या घराला हा फरक ठळक दिसतो. मात्र मे महिन्याचे बिल बल्बांनी उतरेल अशी आशा धरू नये. १८० वॅटचा कूलर रोज बारा तास चालला तर तो एकटाच महिन्याला ६५ युनिट खातो. शिवाय ज्या घरात आधीच सीएफएल आहेत, तिथे ते बंद पडेपर्यंत थांबले तरी फार बिघडत नाही.

एलईडी महाग असतो, हा समजही आता जुना झाला. ५ जानेवारी २०१५ रोजी सुरू झालेल्या ‘उजाला’ योजनेसाठी सरकारी कंपनी ईईएसएलने घाऊक खरेदी केली. २०१४ मध्ये ३१० रुपये असलेला खरेदीचा दर २०१६ पर्यंत ३८ रुपयांवर आला. दुकानातला भावही त्यामुळे उतरला.

रंगाचा आकडा केल्विनमध्ये असतो. ६५०० म्हणजे पांढरा-निळसर. स्वयंपाकघर आणि अभ्यासाला लोक हाच घेतात. २७०० ते ३००० पिवळसर, झोपायच्या खोलीला बरा. अंगणात किंवा ओसरीवरही पिवळसरच लावावा, कारण पहिल्या पावसानंतर येणारे किडे निळसर उजेडाकडे जास्त धावतात.

बटण बंद केल्यावरही बल्ब मंद लुकलुकत राहिला तर लगेच बल्बला दोष देऊ नये. बऱ्याचदा जुन्या वायरिंगमध्ये बटण फेजऐवजी न्यूट्रलवर जोडलेले असते. अशा वेळी बटण बंद असूनही होल्डरमध्ये वीज असते आणि बल्ब बदलताना झटका बसू शकतो, म्हणून वायरमनला बोलावून जोडणी सुधारून घ्यावी.

वॉरंटी बहुधा एक किंवा दोन वर्षांची असते आणि बिलाशिवाय दुकानदार ऐकत नाही. बिल जपावेच, शिवाय बल्बच्या मानेवर पेनाने खरेदीची तारीख लिहून ठेवावी.