तऱ्हाळा येथील सातवाहन नाणी : ठशातील दोष आणि उत्तरकालीन हानी

प्रस्तावना

वाशीम जिल्ह्याच्या मंगरूळपीर तालुक्यातील तऱ्हाळा या गावी १९३९ मध्ये सातवाहन राजांच्या दीड हजारांहून अधिक पोटीन नाण्यांचा साठा उजेडात आला. हा भाग त्या वेळी अकोला जिल्ह्यात होता. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अस्तित्वात आला. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी या नाण्यांचे वाचन प्रसिद्ध केले. गौतमीपुत्र सातकर्णी, पुळुमावी व यज्ञ सातकर्णी यांच्या जोडीला पुराणांतील वंशावळींत न आढळणारी कुंभ, कर्ण व शक सातकर्णी ही नावे त्यातून पुढे आली. राजाचे अस्तित्व जेथे चार-दोन ब्राह्मी अक्षरांवर ठरते, तेथे एखादे अक्षर का दिसत नाही, हा प्रश्न केवळ संग्राहकाच्या कुतूहलाचा राहत नाही.

दोषांचे स्वरूप

या नाण्यांच्या एका बाजूस हत्ती व मुद्रालेख, तर दुसऱ्या बाजूस उज्जैन चिन्ह आढळते. ठसा चकतीपेक्षा मोठा असल्यास मुद्रालेखाचा काही भाग चकतीबाहेर राहतो. अशी अक्षरे झिजलेली नसतात. ती उमटलेलीच नसतात. ठसा सरकणे किंवा आघात दोनदा होणे हेदेखील पाडणीतील दोष होत. ते एकेका नाण्यापुरते असतात.

ठशातील दोष याहून निराळा. ठशावर आकृती खोलगट व उलटी कोरलेली असते. ठशाला तडा गेल्यास त्यात धातू शिरून नाण्यावर उंचवट्याची रेघ उमटते. कोरणाऱ्याने अक्षर सरळ कोरल्यास ते नाण्यावर उलटे येते. त्याच ठशाच्या पुढील नाण्यांवर तो दोष त्याच जागी पुन्हा दिसतो.

टाकसाळीबाहेर पडल्यानंतरची हानी मात्र अशी पुनरावृत्त होत नाही. ओरखडा खोलगट असतो व त्याच्या कडांना धातू सरकलेला दिसतो. ठेचलेले अक्षर पसरट होते. मातीतील क्षाराने पडलेले खळगे अनियमित असतात. पोटीन हा तांबे, कथील व शिसे यांचा ठिसूळ मिश्रधातू असल्याने कड तुटणे स्वाभाविक आहे. तुटलेल्या भागावर इतर पृष्ठभागासारखाच जुना थर असेल तर मोड प्राचीन, आणि धातू उघडा चमकत असेल तर ती अलीकडची, असा सर्वसाधारण निकष लावता येतो.

हेतुपुरस्सर बदल

विसंगत दिसणारे प्रत्येक नाणे या वर्गांत बसतेच असे नाही. नाशिकजवळील जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये सापडलेल्या नहपानाच्या तेरा हजारांवर चांदीच्या नाण्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला होता. खालच्या मुखवट्याचे उरलेले अवशेष येथे दोष नसून विजयाचा पुरावा ठरतात.

निष्कर्ष

एकट्या नाण्यावरून दोषाचे कारण ठरवणे धोक्याचे आहे. एकाच ठशाची अनेक नाणी शेजारी ठेवली असता एकावर सुटलेले अक्षर दुसऱ्यावर सापडते आणि नाव पूर्ण होते. म्हणून साठा विखुरला की केवळ नाणी नव्हे, तर त्यांच्या वाचनाचे साधनच हरपते. आम्लाने किंवा घासून केलेली सफाई तर कारणाच्या खुणाच पुसून टाकते. १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार दहा रुपयांहून अधिक मूल्याच्या निधीची वर्दी जिल्हाधिकाऱ्यांस देणे बंधनकारक आहे. महाविद्यालयीन इतिहास विभागांनी गावोगावी ही जाणीव पोहोचवली, आणि तुटकी, अस्पष्ट नाणीही वजन व छायाचित्रासह नोंदवली, तर वऱ्हाडच्या इतिहासाचे हे साधन अबाधित राहील.