भास्कराचार्यांचें घनसमीकरण

पडेगावावरून दौलताबाद, वेरूळ व कन्नड करीत जाणारा रस्ता घाट उतरून चाळीसगांवाकडे जातो. त्या डोंगराच्या पायथ्याशीं पाटण येथें भवानीच्या देवळांत जो शिलालेख आहे, तो डॉ. भाऊ दाजी यांनीं १८६५ सालीं विद्वानांपुढें मांडला. यादव राजा सिंघण याचा ज्योतिषी चांगदेव यानें आपले आजोबा भास्कराचार्य यांच्या ग्रंथांच्या अध्यापनार्थ मठ स्थापिला, असें शके ११२८ चा (इ. स. १२०७) हा लेख सांगतो. लेखाच्या अखेरच्या मराठी ओळींचा ऊहापोह पुष्कळ झाला; ज्या ग्रंथांसाठीं मठ झाला, त्यांतील एका स्थळाकडे येथें लक्ष वेधावयाचें आहे.

शके १०७२ च्या सिद्धांतशिरोमणीचें अंग मानलेल्या बीजगणितांत एक प्रश्न आहे: कोणती राशि बारांनीं गुणून तिच्याच घनांत मिळविली असतां सहापट वर्ग व पस्तीस यांच्या बेरजेइतकी होते? आचार्य दोन्ही पक्षांतून सहापट वर्ग व आठ वजा करतात. एका पक्षीं यावत्तावत् उणें दोन याचा पूर्ण घन राहतो, दुसऱ्या पक्षीं सत्तावीस. घनमूळ घेतां राशि पांच. ताळा पाहावा: १२५ व ६० मिळून १८५, तसेच १५० व ३५ मिळून १८५.

ही सर्व घनसमीकरणांची रीति नव्हे, आणि आचार्यांनींही तसा दावा केलेला नाहीं. अशा ठिकाणीं स्वतःची बुद्धि चालवावी, असाच त्यांचा अभिप्राय आहे. युरोपांत सामान्य रीति छापून आली ती कार्दानोच्या १५४५ च्या ग्रंथांत. ती आधीं आमच्याकडे होती, असें अभिमानानें लिहिणाऱ्यांनीं मूळ पाहिलें नसावें.

तथापि पूर्ण घनाची ही युक्ति क्षुद्र नव्हे. १८७३ सालीं लायडन येथें फान डर वाल्स यानें वायु व द्रव या दोहोंस लागू पडेल असें जें समीकरण मांडलें, तें आकारमानाच्या दृष्टीनें घनसमीकरणच आहे. ठराविक उष्णमानाखालीं व योग्य दाबास त्याचीं तीन मूळें निघतात: सर्वांत मोठें वाफेचें, सर्वांत लहान द्रवाचें, मधलें स्थिर अवस्थेचें नसतें. उष्णमान वाढवीत गेल्यास तिन्ही एकत्र येतात. कर्बद्विप्राणिल वायूच्या बाबतींत हें सुमारें ३१ अंशांस घडतें, हें अँड्र्यूज यानें १८६९ सालीं प्रयोगानें दाखविलें होतें. त्या बिंदूस समीकरणाची एक बाजू पूर्ण घन बनते व दुसरी शून्य. सहगुणक ताडून पाहतां तेथील आकारमान रेणूंनीं व्यापलेल्या जागेच्या दर्शक स्थिरांकाच्या तिप्पट निघतें. रेडलिख व क्वाँग (१९४९), सोआव्हे (१९७२) आणि पेंग व रॉबिन्सन (१९७६) यांनीं समीकरण सुधारलें, पण त्याचें घनरूप सोडलें नाहीं. तेल व वायूच्या कारखान्यांतील गणितें आजही त्यावर चालतात. एकानें दुसऱ्यापासून घेतलें असा संबंध अर्थात् येथें नाहीं.

आतां पोथ्या बाळगणाऱ्यांस उपयोगी गोष्ट. जुन्या लेखनांत ऋण अंकावर टिंब देतात. या उदाहरणांत यावत्तावताच्या वर्गाच्या सहांवर व रूपांच्या आठांवर तें हवें. सहांवरील टिंब लेखकाच्या हातून गळल्यास पांच घालतां २७ ऐवजीं ३२७ येतात व घनमूळ बसत नाहीं. पार्थपूरच्या सूर्यदासाची शके १४६० ची टीका किंवा मूळ बीजगणित ज्यांच्या संग्रहीं असेल, त्यांनीं हें पान उघडून तीं दोन टिंबें अवश्य पाहावीं.